शुगरच्या मोठ्या डॉक्टरकडे कधी जायचं, कधी नाही

टाइप टू मधुमेह असलेल्या बहुतेकांना वर्षानुवर्षं घरचे डॉक्टर पुरतात. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या ज्या दवाखान्यात तुमचा ताप-खोकला बघतात, तिथेच मेटफॉर्मिन सुरू होते, दुसरी गोळी जोडली जाते आणि गरज पडली तर रात्रीचं एक इन्सुलिनही. आकडा मोठा आला एवढ्यावरून तज्ज्ञाकडे धावायचं कारण नाही. आकडा हलत नसेल, आकडा आणि माणूस जुळत नसतील किंवा डोळा, मूत्रपिंड, पाय यांपैकी एखादा अवयव तक्रार करू लागला असेल, तर मात्र जायचं.

उदाहरण घ्या. एकाचा एचबीए१सी (तीन महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) पहिल्यांदाच तपासला आणि ९.२ आला, औषध आजवर एकही नाही. दुसऱ्याचा ७.९ आहे, पण दीड वर्ष तिथेच अडकलाय आणि तीन गोळ्या चालू आहेत. घरात घबराट पहिल्याची होते, तज्ज्ञाची गरज दुसऱ्याला आहे.

आधी, जिथे अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही ते

शुगर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल, तर तज्ज्ञाचा नंबर लावू नका, कॅज्युअल्टी गाठा. ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ आलं तर बहुतेक यंत्रांत त्याचा अर्थ शुगर ६०० च्या पलीकडे गेली असा असतो. म्हातारी माणसं या अवस्थेत फक्त बडबडतात किंवा झोपून राहतात, आणि घरच्यांना वाटतं उन्हानं गळून गेलेत.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. या गोळ्यांवर शुगर १८०-२०० असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या आणि धाप आहे पण मीटर फार काही दाखवत नाही, म्हणून घरी थांबू नका, आणि कॅज्युअल्टीत या गोळीचं नाव आधी सांगा.

छातीत दाब, दरदरून घाम, एकाएकी दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखं वाटणं, पायाची जखम काळी पडणं किंवा लाली आणि सूज घोट्याच्या वर चढणं, हेही त्याच रांगेत. मधुमेहात हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखताही येतो, फक्त घाम आणि धाप. १०८ ला फोन करा. एम.वाय.ची (इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची) कॅज्युअल्टी रात्रंदिवस चालू असते, पण जवळचं सुसज्ज रुग्णालय दहा मिनिटांवर असेल तर आधी तिथे.

हा टाइप टूच आहे ना?

हा प्रश्न फार कमी घरांत विचारला जातो. वय पस्तिशीच्या आत, अंगकाठी सडपातळ, वजन उतरतंय आणि दोन गोळ्या सुरू होऊन चार-सहा महिन्यांतच त्या पुरेनाशा झाल्या, तर हा हळूहळू वाढणारा टाइप वन असू शकतो. त्यासाठी गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी) या रक्ततपासण्या आहेत. सी-पेप्टाइड शुगर ३५०-४०० असताना करून उपयोग नाही. जास्त साखरेनं थकलेला स्वादुपिंड त्या दिवसांत कमीच इन्सुलिन सोडतो आणि रिपोर्ट फसवतो. आधी शुगर खाली आणायची, मग तपासायचं, आणि त्याच सुईनं घेतलेल्या रक्तात शुगरही मोजायची. या तपासण्यांचा अर्थ लावणं हे तज्ज्ञाचं काम आहे. स्वतः लॅबमध्ये जाऊन करून आणलेत तर पैसेच जातात.

पन्नाशीनंतर नव्यानं शुगर निघाली, घरात कुणाला नाही, शरीर स्थूल नाही, आणि सोबत भूक मेली, वजन घटलं, पाठीत दुखतंय किंवा डोळे पिवळे झालेत, तर आधी स्वादुपिंडाचा सीटी. शुगर आटोक्यात आणायच्या नादात हे महिनोन् महिने मागे पडतं. लहानपणापासून पोटदुखीचे झटके आणि तेलकट, तरंगणारं शौच असा इतिहास असेल तर स्वादुपिंडातल्या खड्यांमुळेही मधुमेह होतो. आणि दम्याची, सांधेदुखीची स्टेरॉइडची गोळी चालू असेल, किंवा कुणी सुचवलेली बिनलेबलची ‘गुडघ्याची पुडी’ घेत असाल, तर ती आधी डॉक्टरांपुढे ठेवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडतं. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड मात्र मनानं एका दिवसात बंद करायचं नाही, त्यानं बीपी कोसळू शकतं.

आकडा कसा वाचायचा

एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, पण सरळ सरासरी नव्हे. त्यातला जवळजवळ अर्धा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. दिवाळीच्या फराळानंतर पंधरा दिवसांनी केलेला ८.१ आणि श्रावण संपताना केलेला ७.४ यांची तुलना करून ‘बिघडलं’ म्हणणं घाईचं आहे. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. घरचं मीटर सतत १२०-१३० दाखवतंय आणि एचबीए१सी ९, तर दोघांपैकी कुणीतरी चुकतंय.

बहुधा चूक तपासण्याच्या वेळेत असते. सकाळी उपाशीपोटी तेवढी तपासायची आणि साडेआठला पोहे-जिलबी, वर मूठभर शेव, हा इंदूरचा ठरलेला कार्यक्रम. उपाशीपोटीचा आकडा ११५ आणि दहा वाजताचा २६०, पण दहाला कुणी मोजतच नाही. उलटही घडतं. दिवसभर सगळं नीट आणि सकाळी १७०, कारण रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि शेवटी रबडी झालेली असते. काहींच्या बाबतीत तसं काहीच नसतं, पहाटे शरीरच साखर वाढवतं. म्हणून तज्ज्ञाकडे जायचं ठरवण्याआधी तीन दिवस सात वेळा मोजा: तिन्ही जेवणांच्या आधी, तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी, आणि झोपताना. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. बोट टोचण्याआधी साबणानं हात धुऊन कोरडे करा, आंबा किंवा चिकू चिरलेल्या हातानं शुगर खोटी चढते. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, मे महिन्यात गाडीत तर अजिबात नको. चांगल्या मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं, त्यामुळे १६० आणि १८० यांवरून भांडण नको.

एचबीए१सी स्वतःही फसतो. लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर तो खोटा वाढलेला दिसतो, आणि आपल्याकडे बायकांत हा अ‍ॅनिमिया घरोघरी आहे. सिकल सेल असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तांबड्या पेशी लवकर फुटत असतील, तर तो खोटा कमी दिसतो. धार, झाबुआ, बडवानीच्या पट्ट्यात सिकल सेल बराच आहे. त्या बाजूचे रुग्ण इंदूरला येतात तेव्हा तज्ज्ञ हिमोग्लोबिन आधी विचारतात ते यासाठी. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांनीही आपल्या एचबीए१सीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन (दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) किंवा अंगावर लावून सतत शुगर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर हे मार्ग आहेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली असताना एचबीए१सीवरून औषध वाढवलं जात असेल, तर एकदा तज्ज्ञाचं मत घ्यावं.

आणि लक्ष्य सगळ्यांचं एक नसतं. पंचेचाळिशीच्या माणसाला ७ च्या खाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हृदयविकार आणि डगमगती चाल असलेल्या आजोबांना ८ पर्यंत चालतं. त्यांचा ७.६ बघून ‘कंट्रोल नाही’ म्हणून फरफटत नेऊ नका. ग्लिमेपिराइडवर असताना त्यांचा ६.३ आला तर मात्र नक्की दाखवा. या वयात आणि या गोळीवर एवढा कमी आकडा बऱ्याचदा सांगतो की कधीतरी, बहुधा रात्री, शुगर पडतेय.

दोन रिपोर्टांचा हिशेब

आमचा साधा नियम असा. औषधात बदल झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी. लक्ष्याच्या वर असेल तर घरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आता काय वाढवायचं?’ त्यांनी काही बदललं तर पुढचे तीन महिने त्याला द्या. दुसराही रिपोर्ट वर आला, तर तज्ज्ञाला दाखवायची वेळ झाली. पहिला रिपोर्ट वर असूनही पर्च्यावर त्याच गोळ्या पुन्हा लिहिल्या गेल्या, तर त्याहून आधी. शुगर बिघडण्याचं एक मोठं कारण हेच. औषध काम करत नाही असं नसतं, पुढची पायरी चढायला कुणी सांगत नाही. रुग्णाला नवी गोळी नको असते, डॉक्टरांना वाद नको असतो, आणि दोन वर्षं निघून जातात.

पण त्याआधी तुमच्या बाजूचं तपासा. तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीतला अर्धा वेळ याच गोष्टी उकलण्यात जातो, आणि फी तुम्ही भरलेली असते.

गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडा आणि ब्रँडचं नाव नाही, खालचं बारीक अक्षर वाचा. एका डॉक्टरनं दिलेली ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि दुसऱ्यानं दिलेली ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन-व्होग्लिबोज, दोन्ही चालू असतात. नावं वेगळी, औषध तेच, आणि शुगर सकाळी अकराच्या सुमारास कोसळते. उलट मेटफॉर्मिन दिवसाला फक्त ५०० मिलिग्रॅम चालू असेल तर तुमची औषधं ‘संपलेली’ नाहीत. मूत्रपिंड ठीक असेल तर ती साधारण २००० पर्यंत नेता येते, आणि ते घरचे डॉक्टर करू शकतात. पोट बिघडतं म्हणून ती सोडली असेल तर जेवणानंतर आणि हळू विरघळणारी गोळी मागून बघा.

महिन्यात किती दिवस गोळी चुकली, खरं मोजा. पट्टीत उरलेल्या गोळ्या खोटं बोलत नाहीत. उपासाच्या दिवशी काय होतं तेही बघा. चतुर्थीला सकाळची ग्लिमेपिराइड घेतली, चंद्रोदयापर्यंत काही खाल्लं नाही, मग साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी. एकाच दिवसात ६२ आणि २८०. इथे तज्ज्ञापेक्षा आधी उपासाच्या दिवशीच्या गोळीचं वेळापत्रक हवं, आणि ते घरचे डॉक्टर दोन मिनिटांत लिहून देतात.

इन्सुलिन घेत असाल तर सिरिंज बघा. आपल्याकडे काचेच्या बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं (म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट) असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर २० युनिटच्या खुणेवर खरं इन्सुलिन ८ च युनिट जातं. उलट अदलाबदल जीवघेणी, २० च्या जागी ५० जातं. मग पोटावर बोटं फिरवा. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि सगळे म्हणतात ‘इन्सुलिनही लागू पडत नाही’. गाठ सोडून नवी जागा घेतल्यावर तोच डोस जोरात लागतो, म्हणून बदलाच्या आठवड्यात डोस डॉक्टरांना विचारून कमी करा. उघडलेली बाटली किंवा पेन सावलीत, गारव्यात २८ दिवस. बहुतेकांची मुदत एवढीच असते, तरी डबीवरची वाचा. बेचाळीस अंशांच्या दुपारी ते बॅगेत फिरवलं तर काही उपयोग राहत नाही. नवं असेल तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

हे सगळं ठीक आहे, तीन गोळ्या पुऱ्या मात्रेत आहेत किंवा इन्सुलिन दिवसातून दोनदा चालू आहे, आणि तरी ८ च्या वर. मग मात्र चर्चा नको, तज्ज्ञच.

शुगर पडते तेव्हा

७० च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, नाही चढली तर पुन्हा साखर, आणि चढल्यावर पोळी किंवा बिस्किट असं टिकणारं काहीतरी. चॉकलेट आणि पेढा हळू चढतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर उशिरा फुटते, ग्लुकोज पावडरच हवी, ती घरात आणून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांनी पडलेली शुगर साखर देऊन वर येते आणि काही तासांनी परत पडते, म्हणून वयस्कर माणसाला, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल तर, ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी नेऊ नका.

एकदा शुगर ५४ च्या खाली गेली, किंवा सावरायला दुसऱ्या कुणाची मदत लागली, किंवा घाम-थरथर न होताच थेट गोंधळल्यासारखं झालं, तर तज्ज्ञाची भेट त्याच आठवड्यात. ही शेवटची खूण सगळ्यांत वाईट, कारण शरीराची धोक्याची घंटाच बंद पडलेली असते. अशा माणसानं दुचाकी चालवू नये.

कोणता तज्ज्ञ?

‘शुगरचा मोठा डॉक्टर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यापुढे येतो, पण कित्येकदा जायचं असतं दुसरीकडे. डोळ्यांचं सोपं आहे. टाइप टू निघाला त्याच महिन्यात, आणि मग दर वर्षी, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घातल्यावर चार-पाच तास अंधुक दिसतं, सोबत माणूस न्या आणि गाडी चालवू नका. पडद्यावर रक्तस्राव किंवा मध्यभागी सूज लिहिली असेल तर थेट रेटिना तज्ज्ञ. एचबीए१सी १० च्या वरून झपाट्यानं खाली आणायचा असेल तर त्याआधी डोळे तपासलेले हवेत, कारण साखर एकदम उतरली की आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो.

मूत्रपिंडासाठी दोन तपासण्या वर्षातून एकदा: रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा), आणि सकाळच्या लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. फक्त क्रिएटिनिन बघून ‘किडनी ठीक’ म्हणणं पुरेसं नाही, लघवीत प्रथिन त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतं. रेशो ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची दमछाक यांनीही ३० च्या वर चढतो, म्हणून सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वर आला तरच खरा मानायचा. खरा असेल तर बीपी आणि गोळ्यांची मांडणी बदलते, आणि इथे एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोन्सच्या तज्ज्ञाची) एक भेट सार्थकी लागते. ३०० च्या वर टिकला किंवा ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाचा तज्ज्ञ. ईजीएफआर ४५ च्या खाली मेटफॉर्मिनचा डोस निम्म्यावर आणतात, ३० च्या खाली बंद. पर्च्यावर तसं झालेलं नसेल तर विचारा.

पायांचं सगळ्यांत दुर्लक्षित. बघायला मिनिट लागतं, पण मोजे काढायला सांगणारे डॉक्टर कमी. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तारेनं तळव्याला स्पर्श करून जाणीव बघतात. ती गेली असेल तर जखम दुखत नाही, आणि न दुखणारी जखमच पाय घालवते. मे महिन्यात खजराण्याच्या गणपतीला अनवाणी चालून तळवा भाजलेला संध्याकाळी मोज्यावरच्या डागावरून कळतो. कोणतीही जखम, फोड, दोन बोटांमधली भेग: चोवीस तासांत डॉक्टर. हाड दिसतंय, वास येतोय किंवा पाऊल गार पडलंय तर त्याच दिवशी सर्जन. कुरूप घरी ब्लेडनं कापू नका.

पायांची आग किंवा मुंग्या शुगरमुळेच असं धरून गोळ्या सुरू होतात. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं चालू असेल तर आधी बी१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी घरात.

हृदयविकार झालेला आहे, अँजिओप्लास्टी झालीय, किंवा हृदय कमी पंप करतंय, आणि मधुमेहाला अजून फक्त ग्लिमेपिराइड चालू आहे? एचबीए१सी ६.८ असला तरी एकदा तज्ज्ञाला दाखवा. हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही राखणाऱ्या गोळ्या आता आहेत, आणि डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यापासून ती खिशाला परवडते. या गोळीवर जननेंद्रियाला खाज-बुरशी होऊ शकते. लाजून गप्प राहू नका, रोजची स्वच्छता आणि मलमानं ती बहुतेकांची बरी होते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी किमान तीन दिवस बंद लागते, आणि हे सर्जनला तुम्हीच आठवण करून द्यायचं असतं.

मूल हवं असेल तर दिवस राहिल्यावर नाही, त्याआधी तीन महिने तरी जा. बाळाचे अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच घडतात. एचबीए१सी ६.५ च्या खाली आणून मग पुढे, आणि बीपीची रामिप्रिल-टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, यांचं काय करायचं ते त्याच भेटीत ठरवायचं.

पाटीवरच्या पदव्या

‘डायबेटॉलॉजिस्ट’ हा शब्द पाटीवर असला म्हणजे ती एकच पदवी असं नाही. कुणी एम.डी. मेडिसिन करून मधुमेहातच वीस वर्षं घालवलेला असतो, कुणी एमबीबीएसनंतर काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला असतो. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे एम.डी.नंतर आणखी तीन वर्षं हार्मोन्स शिकून डी.एम. किंवा डीआरएनबी झालेला. साध्या अडकलेल्या शुगरसाठी अनुभवी एम.डी. उत्तम. प्रकाराबद्दल शंका, गर्भारपण, वारंवार पडणारी शुगर, सोबत थायरॉइड किंवा पिट्युटरीचा घोळ असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टच शोधा. पर्च्यावर नोंदणी क्रमांक असतो, तो राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या किंवा मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून पदव्या बघता येतात. ‘शुगर मुळापासून बरी, इन्सुलिन कायमचं बंद’ असा फलक लावणाऱ्याकडे पदवी बघायलाही जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर चालतं, ओपीडीची फी, रोजच्या गोळ्या आणि मीटरच्या पट्ट्या त्यात बसत नाहीत. सत्तरीच्या वरच्यांना ते आता उत्पन्न न बघता मिळतं, तेव्हा आजी-आजोबांचं काढून ठेवा. खासगी फी जड वाटत असेल तर एम.वाय.च्या मेडिसिन ओपीडीतून सुरुवात करा, तिथून पुढच्या विभागाकडे पाठवतात. मात्र सकाळी लवकर, आणि अर्धा दिवस हाताशी ठेवून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड यांसारख्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त पडतात.

भेटीला जाताना

मागचे किमान तीन एचबीए१सी तारखेसकट एका कागदावर उतरवा. जाडजूड फाइल तज्ज्ञ चाळत नाहीत, तो एक कागद वाचतात. सोबत तीन दिवसांचे सात वेळांचे आकडे, ईजीएफआर, लघवीचा रेशो, लिपिड, हिमोग्लोबिन, डोळ्यांचा शेवटचा रिपोर्ट. गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्यक्ष न्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथी आणि शेजारणीनं दिलेल्या चूर्णासह. मीटर आणि पेनही न्या आणि तिथल्या नर्ससमोर एकदा टोचून दाखवा. नेहमीच्या गोळ्या आणि नाश्ता चुकवून जाऊ नका, उपाशीपोटीची तपासणी असेल तर दवाखाना आधी सांगतो.

एक बारीक गोष्ट. इंदूरच्या ओपीडीत बोलणं हिंदीत होतं, आणि घरात मराठी बोलणारी आजी तिथे नेमका शब्द विसरते. ‘पायाला मुंग्या’ची चींटियाँ होतात आणि डॉक्टर गालात हसतात. त्यांना ‘झुनझुनी’ हवं असतं, बधिरपणासाठी ‘सुन्न’. ‘गळाल्यासारखं होतं’ हे ‘कमज़ोरी’ म्हणून सांगितलं की शुगर पडण्याचा सगळा मुद्दा हरवतो. किती वाजता होतं, घाम येतो का, खाल्ल्यावर थांबतं का, हे सोबतच्यानं सांगावं. इंदुरात मराठी कळणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, विचारायला संकोच नको.

खोलीतून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी विचारून लिहून घ्या: माझं लक्ष्य किती, कोणती गोळी बंद झाली, शुगर कितीच्या खाली किंवा वर गेली तर कुणाला फोन करायचा, आणि पुढचा फॉलोअप तुमच्याकडे की घरच्या डॉक्टरांकडे. दुसरा प्रश्न विसरला जातो, आणि मग जुन्या व नव्या दोन्ही गोळ्या चालू राहतात. नव्या पर्च्याची झेरॉक्स त्याच आठवड्यात घरच्या डॉक्टरांना द्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून लपवणारे पुष्कळ असतात, आणि रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या की फोन त्यांनाच जातो. गोळी बदलली असेल तर त्या तारखेपासून तीन महिने मोजून एचबीए१सीची तारीख कालनिर्णयवर लिहून टाका, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये जा.